वीस गुणांचा शेवटचा स्वाध्याय

महिपत गुरुजींना अभ्यासाची सवय योगिनीनेच लावली. पुढे ही गोष्ट तिला इतक्यांदा आठवली की स्वतःचाच राग राग यायचा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला हाताला धरून बसवलं, वेळ पाळायला शिकवलं, आणि त्या माणसाने वेळ पाळूनच तिचा केसाने गळा कापला.

हेदवीच्या पुढे, चढणीवरच्या एका वाडीत त्यांची दोन शिक्षकांची शाळा होती. पहिली-दुसरी योगिनीकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि सगळी मिळून मुलं एकोणीस. गुरुजी तिथे नऊ वर्षं होते, योगिनी चार. तिचा नवरा सुजय खेडच्या एसटी डेपोत, तो शनिवारी यायचा. बाकीचे दिवस ती, तिची भाड्याची खोली आणि शाळा. डब्यात नुसता भात असला तर गुरुजींच्या घरून आमटी यायची. मागच्या वर्षी तिला ताप चढला तेव्हा स्कूटरवरून डॉक्टरांना घेऊन आले ते गुरुजीच. अशा माणसावर ती डोळे मिटून विश्वास ठेवायची, त्यात तिचं काय चुकलं?

जूनमध्ये कोर्सचा कागद आला. काही मुलांना अक्षरं ओळखता येत नाहीत, वाचताना सगळं एकमेकांत मिसळतं. अशा मुलांना कसं शिकवावं, याचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स. पुण्याची एक संस्था तो चालवणार होती. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, दर आठवड्याला चाचणी द्यायची आणि शेवटी एक मोठा स्वाध्याय लिहायचा. तालुक्यातल्या बहुतेक शिक्षकांनी कपाळाला हात लावला. योगिनीने मात्र कागदाच्या तळाची बारीक ओळ वाचली. तालुक्यात जो पहिला येईल त्याला वाचनमार्गदर्शक नेमणार होते. आठवड्यातले तीन दिवस शाळाशाळांतून फिरायचं आणि फक्त अशा मुलांजवळ बसायचं. बाकीची कामं बंद.

ती जागा तिला हवी होती. बढतीसाठी नव्हे, फिरायला मिळेल म्हणूनही नव्हे. बारा वर्षांपूर्वी तिच्या हातून काहीतरी झालं होतं आणि ते या जागेवर बसून थोडं तरी भरून काढता येईल, असं तिला वाटत होतं. काय झालं होतं, ते तिने सुजयलाही कधी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन आठवडे तिने सगळे करतात तेच केलं. भाजी चिरताना व्हिडिओ, एसटीत व्हिडिओ, कपडे भिजवताना व्हिडिओ. पडद्यावरची बाई बोलत राहायची, योगिनी मान डोलवत राहायची, आणि दोघींचं छान चालायचं. मग तिसऱ्या आठवड्याची चाचणी झाली. पंचवीसपैकी आठ. वर्गात दिवसभर 'लक्ष कुठाय तुझं' म्हणून पोरांवर डाफरणाऱ्या बाईंना पंचवीसपैकी आठ. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला पहिलीतलं मूल समजून हातात घेतलं. वेळ ठरवली : शाळा सुटल्यावर पाच ते पावणेसहा, रोज, पाहुणे आले तरी. जागा ठरवली : झेंड्याच्या खांबाभोवतीचा कट्टा, कारण अख्ख्या शाळेत रेंज फक्त तिथे मिळायची. एका दिवसाला एकच व्हिडिओ, वीस मिनिटांचा. तो संपला की मोबाईल खिचडीच्या तांदळाच्या पेटीत टाकून वर कुलूप. हे कुलूप महत्त्वाचं, कारण कुलपाशिवाय तिचा हात आपोआप व्हॉट्सॲपकडे जायचा. मग वहीचं कोरं पान उघडायचं आणि काही न बघता, जेवढं आठवेल तेवढं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते कुणाला तरी तोंडी सांगायचं. सांगताना जिथे अडखळायला होईल, तिथे समजलेलं नाही असं धरायचं आणि तेवढाच भाग परत बघायचा.

सांगायला कुणीतरी लागतं, आणि शाळेत दुसरं मोठं माणूस एकच होतं.

गुरुजींनीही कोर्सला नाव घातलं होतं, कारण वरून विचारणा झाली होती. त्यांचा मोबाईल टेबलावर पालथा पडून व्हिडिओ बोलत असायचा आणि गुरुजी मागच्या अंगणात तोंडल्याच्या वेलाला दोरी बांधत असायचे.

"गुरुजी, कोर्स तुमचा मोबाईल करतोय," योगिनी म्हणाली. "सर्टिफिकेट त्यालाच द्यायला लागेल."

"होऊ दे गो शहाणा," गुरुजी म्हणाले. "माझं काय राह्यलंय आता. तीन वर्षांनी घरी."

पण ती सांगायला बसली की ते ऐकायचे. अडकित्त्याने सुपारी कातरत, डोळे अर्धवट मिटून. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग दहा, मग ते प्रश्न विचारायला लागले. एके दिवशी शाळा सुटल्यावर घरी जायच्या ऐवजी कट्ट्यावर येऊन बसले. योगिनीला इतका आनंद झाला की तिने त्यांना नवी वही आणून दिली, वर नावही घालून दिलं. मग दोघांचे मोबाईल एकाच पेटीत, एकाच कुलपात. दोघांच्या वह्या शाळेच्या कपाटात. "इथेच राहू दे," गुरुजी म्हणाले होते, "मला अडलं तर तुझं बघेन." तिने तिला येत होतं ते सगळं त्यांना दिलं. चाचणीआधी आठवडाभरापूर्वीची पानं झाकून परत लिहायची. आणि काहीही पाठवायचं असलं तर शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. गुरुजींना तेवीस गुण मिळाले तेव्हा त्यांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले. योगिनीला चोवीस होते. तिने पेढा खाल्ला आणि गुरुजींच्या पाया पडली.

नवव्या पाठाला मात्र काहीतरी वेगळंच झालं.

त्या व्हिडिओत एक मूल वाचत होतं. ते 'घर'चं 'धर' म्हणत होतं, 'भात'चा 'मात'. मूल हुशार होतं, बोलण्यात चटपटीत, तोंडी गणितात पटाईत. पडद्यावरची बाई सांगत होती की हे मूल आळशी नाही, ढ नाही, त्याला अक्षरं वेगळ्या वाटेने दाखवावी लागतात, बस. योगिनीने व्हिडिओ मध्येच थांबवला.

कारण ते मूल तिने पाहिलं होतं. नोकरीचं पहिलं वर्ष, हर्ण्याजवळची शाळा, चौथीचा वर्ग. नबील, बोटीवरच्या हमीदभाईंचा मुलगा. तोंडी गणितात वर्गात पहिला, आणि पुस्तक उघडलं की 'घर'चं 'धर'. त्या दिवशी साहेब तपासणीला येऊन गेले होते, नबीलने त्यांच्यासमोर चार ओळींत सतरा चुका केल्या होत्या, आणि तेवीस वर्षांच्या योगिनी बाईंचं नाक कापलं गेलं होतं. साहेब गेल्यावर ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "जाऊ दे रे, याला वाचायला कशाला पाहिजे? मासे काय पाटी वाचून जाळ्यात येतात?" वर्ग पोट धरधरून हसला. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला 'पाटी' म्हणायला लागली. दिवाळीनंतर नबील शाळेत आला नाही. ती एकदाही त्याच्या घरी गेली नाही. उन्हाळ्यात तिची बदली झाली.

त्या संध्याकाळी वहीत तिने पाठ लिहिला नाही, हे लिहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजी सुपारी घेऊन बसले आणि ती गप्पच.

"आज काय सांगत नाहीस?"

"आज काही नाही गुरुजी."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि विषय सोडून दिला.

डिसेंबरात शेवटचा स्वाध्याय आला. वीस गुण. 'तुमच्या हातून एखाद्या विद्यार्थ्यावर अन्याय झाला असेल, तर तो प्रसंग प्रामाणिकपणे लिहा. आज तुम्ही काय वेगळं कराल?' मुदत वीस तारखेपर्यंत. योगिनीला प्रश्न वाचून वाटलं की हा आपल्यासाठीच काढलाय. पाच तारखेला तिने वहीत लिहून काढलं, नबीलचं नाव आणि गावाचं नाव गाळून. मग खोडलं. मग परत लिहिलं. काही केल्या ते तिला पाठवण्यासारखं वाटेना. कुठे ती स्वतःची बाजू घेत होती, कुठे उगाच गळा काढत होती. मध्ये दोन दिवस सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती खेडला गेली. परत येऊन पुन्हा खोडाखोड. स्वतः घालून दिलेला नियम तिने स्वतःच मोडला आणि वीस तारखेला दुपारी, खांबाच्या कट्ट्यावर उभं राहून, स्वाध्याय पाठवला. शेवटी तिने पाच तारखेचाच मजकूर ठेवला होता, कारण खरा तोच होता.

आठ दिवसांनी निरोप आला. तिच्या स्वाध्यायातला मजकूर आधी आलेल्या दुसऱ्या स्वाध्यायाशी जुळतो, सबब तो नक्कल मानण्यात येत आहे, गुण शून्य.

तिला आधी हसूच आलं. तिचं पाप कुणी आधीच करून ठेवलंय की काय. मग तिने तो निरोप गुरुजींना दाखवला. गुरुजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"संगणकाला काय कळतंय गो," ते म्हणाले. "दोन माणसांचे चार शब्द जुळले की त्याला वाटतं चोरी. होईल सरळ. तू चहा घे आधी." आणि त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा तिला ओतून दिला. तो चहा ती प्याली.

जानेवारीत गुहागरला कार्यक्रम ठेवला होता. तालुक्यातले शंभरेक शिक्षक, मागे पंखे, पुढे हार घातलेली खुर्ची. संस्थेचे पाहुणे पुण्याहून आले होते. पहिल्या क्रमांकाचं नाव पुकारलं : महिपत गुरुजी. सगळ्यात आधी टाळी योगिनीने वाजवली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्वतःचा निकाल अडकलेला असताना, आपल्या शाळेतला माणूस पहिला आला म्हणून तिचं ऊर भरून आलं होतं.

पाहुणे म्हणाले की गुरुजींचा स्वाध्याय वाचून आम्ही सगळे हेलावलो, तो त्यांनी स्वतः वाचून दाखवावा. गुरुजी उठले. चष्मा पुसला. कागद उघडला.

"नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. बंदराजवळची एक शाळा. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी गणितात तो सगळ्यांच्या पुढे असायचा, आणि पुस्तक उघडलं की बुडायचा."

योगिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. मग पुढचं वाक्य आलं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी तिला ठाऊक होतं. गुरुजींनी फक्त 'म्हणाले'चं 'म्हणालो' केलं होतं, 'गेले नाही'चं 'गेलो नाही'. "मासे काय पाटी वाचून जाळ्यात येतात, असं मी म्हणालो," गुरुजी म्हणाले, आणि तिथे त्यांचा आवाज कापला. तो कसा कापावा हेसुद्धा त्यांना जमलं. शेजारच्या बाईंनी पदराने डोळे टिपले. पुढच्या रांगेतला एक तरुण शिक्षक मोबाईलवर सगळ्याचा व्हिडिओ घेत होता. "तो मुलगा ढ नव्हता. ढ मी होतो," असं म्हणून गुरुजींनी कागद मिटला आणि अख्खं सभागृह उभं राहिलं.

योगिनीही उभी राहिली, कारण एकटीच बसून राहिली असती तर दिसलं असतं. ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून म्हणणार काय? ते पाप माझं आहे, द्या परत? चोराकडे बोट दाखवायचं तर आधी शंभर माणसांसमोर स्वतःच गुन्हेगार म्हणून उभं राहायला लागणार होतं. गुरुजींना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी नुसता मजकूर चोरला नव्हता, ती तोंड उघडणार नाही हेही आधीच धरून ठेवलं होतं. शाल घेताना त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, नेहमीसारखी, प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती त्यांच्यासमोर उभी राहिली. गुरुजींनी आढेवेढे घेतले नाहीत.

"वाचली गो तुझी वही. तू खेडला गेलेलीस तेव्हा. मला काय सुचतच नव्हतं."

"स्वतःचं काही लिहायचं होतं ना गुरुजी."

"तेच तर. दोन दिवस बसलो, तू सांगितलंस तसा, मोबाईल पेटीत घालून. माझ्या हातून अन्याय झालाय असं एकसुद्धा पोर आठवेना."

"तेहतीस वर्षांत?"

"तेहतीस वर्षांत," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मग तेच पुढे बोलत राहिले. "मला वाटलं, तू दुसरं कायतरी पाठवशील. एवढी खोडाखोड करत होतीस. मी अकराला पाठवलं. तूच म्हणायचीस ना, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका म्हणून? आणि माझ्यामुळे तुझं काय बिघडलं? तुझं नाव कुठे आलं नाय. सगळं मी अंगावर घेतलं. तू हे चार लोकांत वाचलं असतंस काय? धीर झाला असता तुला?" मग आवाज उतरला. "तीन वर्षं राहिली गो. ही चढण आता गुडघ्यांना झेपत नाय. त्या जागेवर तीन दिवस तरी खाली राहता येईल."

"मला ताप आला तेव्हा तुम्ही डॉक्टरांना घेऊन आलात," योगिनी म्हणाली. "नुसते चोर असतात तर एवढं लागलं नसतं मला. तुम्ही माझे होतात."

गुरुजींनी सुपारी तोंडात टाकली आणि घंटा द्यायला उठले.

तिने पुण्याला फोन लावला. तिथल्या मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. वही? वहीवर मागची तारीख कुणीही घालू शकतं. त्या शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक? ते वारले होते. "मग प्रसंग तुमच्याच वर्गात घडला असं सांगणारं त्या वर्गातलं कुणीतरी हवं," मॅडम म्हणाल्या. "सहीचं पत्र आणा. महिनाअखेर नेमणूक जाहीर होईल, त्याआधी." योगिनीने फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की साक्षीला उभं राहील असं नाव तिला एकच ठाऊक आहे.

पत्र तिने शुक्रवारीच तयार केलं, स्वच्छ अक्षरात. 'मी, नबील हमीद, असे लिहून देतो की सदर प्रसंग माझ्याबाबतीत, योगिनी बाई यांच्या वर्गात घडला...' खाली सहीसाठी रेघ मारली. सुजयला दापोलीला काम आहे असं सांगितलं. शनिवारी शाळा लवकर सुटली, तशी ती निघाली. धोपाव्याला फेरीबोट, पलीकडे दाभोळ, तिथून दापोलीची एसटी, मग हर्णे. एवढ्या वाटेत ती मनातल्या मनात गुरुजींशी भांडत होती. गुरुजींना काय काय ऐकवायचं, पत्र समोर टाकल्यावर त्यांचं तोंड कसं होईल, हेच. नबीलला काय म्हणायचं याचा तिने अभ्यास केला नाही.

संध्याकाळचा लिलाव जोरात होता. ओल्या वाळूत सुरमई-पापलेटांचे ढीग, भोवती बायका, बोली वर चढत होती. तिने एकाला विचारलं, त्याने हात केला. बोटीतून टोपल्या उतरवणारा एक उंच, काळासावळा तरुण वळला आणि क्षणभरही न अडखळता म्हणाला,

"बाई?"

त्याने तिला ओळखलं होतं. एक पालथा क्रेट आणून दिला, फडक्याने पुसून. चहा मागवला. ती बसली, तो समोर उकिडवा बसला.

"मला वाटलंच होतं तुम्ही येणार," नबील म्हणाला. "व्हिडिओ आला मला. त्या गुरुजींचा, शाल घेतलेल्या."

योगिनी दचकली. "तू बघितलास?"

"बोटीवर सगळ्यांनी बघितला. तो पोरगा मी, हे कुणाला माहीत नाय. मी कितींदा लावला. नाखवा म्हणाला, काय एवढं ऐकतोस, गाणं आहे काय." तो थोडा हसला, पायाखालच्या वाळूकडे बघत. "मला लगेच कळलं. तुम्हीच सांगितलं असणार त्यांना. स्वतः बोलायला तुम्हाला लाज वाटली असेल, म्हणून त्यांच्या तोंडून बोलवलंत. चालतंय की. एवढ्या मास्तरांसमोर कुणी तरी म्हणालं, पोरगा ढ नव्हता. अम्मीला ऐकवलं. ती रडली. म्हणाली, बाईंनी याद ठेवली."

इथे योगिनीने गप्प बसायला हवं होतं. हो म्हटलं असतं तरी झालं असतं. किंवा नुसता चहा पिऊन ती उठून गेली असती तरी. पण तीन आठवडे ती एकाच गोष्टीत जळत होती, आणि तिच्या पर्समध्ये पत्र होतं.

"मी नाही सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "चोरलं त्यांनी. माझ्या वहीतून." आणि मग ती थांबलीच नाही. कोर्स, कट्टा, कुलूप, वही, अकरा तारीख, वीस तारीख, शून्य गुण, पहिला नंबर, जागा. नबील ऐकत होता. बोलता बोलता तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं की त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरून गेलंय. तिला शब्द मागे घ्यावेसे वाटले, पण ते बाहेर पडून गेले होते.

"कोर्स होता," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे परीक्षेत असा प्रश्न आला होता."

"हो, पण..."

"किती मार्कांचा?"

"वीस."

नबीलने मान हलवली. मागे कुणीतरी बोली जिंकली, टोपली ओढत नेली.

"मनापासून लिहिलं होतं मी, नबील. एक शब्द खोटा नाही त्यात."

"नसेल. पण मला कुठे सांगितलंत? मी इथेच होतो बाई. रोज याच वेळेला इथेच असतो." तो रागावून बोलत नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "त्यांनी तुमचं घेतलं म्हणून तुम्हाला एवढं लागलं. तुम्ही माझं घेतलंत ते?"

तिला वाटलं होतं, या जगात फसवणूक झाली ती आपलीच तेवढी. त्या पालथ्या क्रेटवर बसून तिला पहिल्यांदा कळलं की नबीलला दोनदा फसवण्यात आलंय, बारा वर्षांपूर्वी एकदा आणि आत्ता एकदा, आणि दोन्ही वेळा फसवणारं माणूस तेच होतं.

नबीलने हात पुढे केला. "कागद आणला असेल ना? तुम्ही उगाच एवढ्या लांब येणार नाय."

तिने मान हलवून नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण पर्सची चेन अर्धी उघडी होती आणि कागदाचं टोक दिसत होतं. त्याने तो स्वतःच ओढून घेतला. अक्षरांवरून त्याची नजर वरून खाली सरकली, कुठेच न थांबता.

"यात माझं नाव आहे?"

"आहे."

"मग आता सगळ्यांना कळेल, तो पोरगा कोण ते."

"राहू दे, नबील. दे इकडे. नको मला."

"एवढ्या लांब आलात तर घेऊन जा." त्याने चहावाल्याकडून पेन मागून घेतलं, फडक्याने बोटं पुसली आणि कागद गुडघ्यावर ठेवला. "रेघ ही ना?"

"थांब तरी," योगिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवते."

"नको बाई," नबील म्हणाला, आणि एकेक अक्षर जपून काढत सही करायला लागला. "ऐकलंय मी. त्या गुरुजींनी चांगलं वाचलं होतं."